हलका नवरदेव

१

लगीनसराई लागली की भागीरथा दर दोन-तीन दिवसांनी एक नवरदेव आपल्या गुलछडी घोडीच्या पाठीवर चढवायची, आणि चढवता चढवता मनातल्या मनात त्याच्यावर थुंकायची. तोंडानं मात्र, "या जी, पाय इकडे ठेवा, घाबरू नका," असं गोड बोलायची.

नवरदेव ही तिच्या मते जगातली सगळ्यात फालतू जात. बोहल्यावर उभे राहिले की राजे, पण घोडीवर बसवले की अर्ध्या तासात उघडे पडतात. कोणी आयाळ मुठीत धरून डोळे मिटून घेतो. कोणी दोस्तांनी पाजलेली तिथंच ओकतो. कोणी सिनेमातल्यासारखी टाच मारतो, आणि घोडीनं नुसती शेपटी हलवली की "अवं बाई, धर वं" म्हणून केकाटतो. मागून सिटी बसचा भोंगा वाजला की सगळ्यांचा चेहरा एकसारखाच होतो. असल्या माणसाच्या हाती आयुष्यभरासाठी पोरगी द्यायची, आणि त्यासाठी एवढा बँड वाजवायचा!

भागीरथेचा नवरा इतवारी स्टेशनवर टांगा चालवायचा. ऑटोरिक्षा आल्या तसा टांगा बसला, आणि मग नवराही बसला तो उठलाच नाही. त्याला नऊ वर्षं झाली होती. मागं उरली पांढरी घोडी. भागीरथेनं एक जरीचं खोगीर मिळवलं आणि वराती धरायला सुरुवात केली. पण वरातीपुढं विधवा बाई लगाम धरून चाललेली कोणाला खपणार? म्हणून वरातीच्या दिवशी ती कपाळभर कुंकू लावायची, हातभर हिरव्या बांगड्या भरायची. गल्लीतल्यांना ठाऊक होतं, म्हणून गल्लीतलं लग्न ती घ्यायची नाही. बाहेरच्या कोणी विचारलंच तर सांगायची, "मालक बल्लारशाले असतात." अशा प्रश्नाचंही तिला हसू यायचं. घोडी पांढरी पाहिजे, बाई सवाष्ण पाहिजे, आणि वर बसलेला मात्र कसाही चालतो.

तिला एक गोष्ट न पाहता कळायची, ती म्हणजे वर बसलेल्याचं वजन. माणूस बसला की पहिल्या पावलाला गुलछडी नाकातून लांब श्वास सोडायची. खोगिराचं चामडं कुरकुरायचं. शंभरेक पावलांवर खोगीर दबून तंग, म्हणजे पोटाखालून आवळलेला पट्टा, ढिला पडायचा. मग भागीरथा थांबायची, तंग एक घर आवळायची आणि पुन्हा चालायला लागायची. दर वरातीत असं व्हायचंच.

२

त्र्याहत्तर सालच्या मे महिन्यात भैय्याजी नावाचा एक गृहस्थ तिच्या दारात आला. स्वच्छ धोतर, काळी टोपी, आवाज खाली. पुतण्याचं लग्न होतं. नवरीकडचे लकडगंजचे, हे बाहेरगावचे. उतरले होते गांधीबागेत, एका कापडवाल्याच्या माडीवर. गावाचं नाव त्यानं सांगितलं, पण ते भागीरथेच्या लक्षात राहिलं नाही. एरवी गावं तिच्या लक्षात राहायची.

घोडी बघायला येणारे सगळे एकच विचारायचे, बुजरी तर नाही? लाथ तर नाही मारत? भैय्याजीनं घोडीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"लगाम तुम्हीच धरता ना?"

"हाओ, मीच."

"दुसऱ्या कोणाले पाठवू नका. तुम्हीच या." मग त्यानं तिच्या कपाळाकडे पाहिलं. त्या दिवशी वरात नव्हती, कपाळ मोकळंच होतं. भागीरथेनं घाईनं पदर पुढं ओढला.

भैय्याजी मंद हसला. "तुम्हीच पाहिजे," तो म्हणाला आणि चपला न वाजवता गल्लीतून निघून गेला.

तिला धास्ती वाटली. मग स्वतःचाच राग आला. बाहेरगावचा माणूस, त्याला काय कळतं! मोकळ्या कपाळाचं कोणी विचारलं असतं तर मी आजारी होते, अंघोळ व्हायची होती, शंभर कारणं होती.

३

गांधीबागेत संध्याकाळी पाचलाही ऊन भिंतींतून बाहेर येत होतं. दुकानं उघडी, हातगाड्यांवर कापडाचे गठ्ठे, हमालांच्या शिव्या, सायकलींच्या घंट्या. त्या गर्दीत बँडवाले कळकट लाल कोट घालून उभे. भागीरथा घोडीसकट जिन्याच्या तोंडाशी थांबली.

जिना लाकडी, अंधारा, जुना. वरून माणसं उतरू लागली, तसा तो एकेका पायरीला ओरडायला लागला. आधी भैय्याजी, मग दोन म्हातारे, मग मधे नवरदेव, मागं आणखी तिघं. कपाळाला बाशिंग, त्यावरून छातीपर्यंत फुलांचा दाट सेहरा. तोंड अजिबात दिसत नव्हतं. भागीरथेला फक्त एवढं जाणवलं की मधेच जिना क्षणभर गप्प झाला आणि मग पुन्हा ओरडू लागला.

"या जी, पाय इकडे, घाबरू नका."

तो घाबरला नाही. कोणाच्या खांद्यावर हातही ठेवला नाही. रिकिबीत पाय टाकला आणि वर दिसला. गुलछडीनं श्वास सोडला नाही.

बँडनं सूर धरला. वरात निघाली. भागीरथा लगाम धरून चालत होती आणि खोगीर कुरकुरायची वाट बघत होती. खोगीर कुरकुरलं नाही. शंभर पावलं झाली, दोनशे झाली. तिनं थांबून तंगाखाली बोटं घातली. तंग बांधला होता तसाच होता.

तिनं मान वर करून पाहिलं. मोजडी घातलेला पाय रिकिबीत होता. आणि रिकीब घोडीच्या चालीबरोबर पुढं-मागं हलत होती, घरी परत जाताना रिकामी हलते तशी.

४

क्षयाचा असेल, तिनं ठरवलं. हाडाचा सापळा उरला असेल आतून, म्हणून तर एवढी फुलं. रोगट पोरगं कोण्या गरीब पोरीच्या गळ्यात बांधायला निघालेत हरामखोर! ह्या रागानं तिला बरं वाटलं. अशी लबाडी तिच्या ओळखीची होती. तिनं लंगडे नवरदेव पाहिले होते, बहिरे पाहिले होते, एक तर वेडा पाहिला होता; ते सगळे थाटात मांडवात गेले होते.

पण क्षयाचं माणूसही माणूसच. सुकलेला म्हातारा बसला तरी खोगीर दबतं.

वरात सेंट्रल अव्हेन्यूवर लागली. कोळशाचे ट्रक, सिटी बसेस, ऑटोरिक्षा, सायकलींची रांग. ऑटोवाले भोंगे वाजवत वरातीच्या अंगावर येत होते आणि बँडवाले त्यांना ट्रंपेट दाखवून शिव्या देत होते. एरवी ह्या रस्त्यावर गुलछडीचे कान मागं जायचे आणि भागीरथा तिच्या मानेवर हात ठेवून चालायची. आज घोडीचे कान सैल होते. हलकं हलकं पाऊल टाकत, मान डोलवत ती चालली होती. गळ्यातल्या हारातलं झेंडूचं फूल तोडून तिनं खाल्लंसुद्धा. खुश होती. घोडी बिथरली असती तर भागीरथेला एवढी भीती वाटली नसती.

तिनं परीक्षा घ्यायची ठरवली. लगामाला एकाएकी हिसडा दिला. गुलछडी दचकून एक पाय उचलून थांबली. अशा वेळी प्रत्येक नवरदेव पुढं आपटतो आणि आयाळ धरतो. हा हललाच नाही.

"बाई," फुलांच्या आतून आवाज आला. तरुण, शांत, थोडा कंटाळलेला. "उगाच काहून तरास देता तिले?"

५

टेलिफोन एक्स्चेंज चौकाच्या अलीकडे एक ट्रक वरातीला घासून गेला. एवढा जवळून की बँडवाले नाल्यात उतरले आणि भागीरथेचा पदर डोक्यावरून उडाला. पदर सावरत तिनं वर पाहिलं.

ट्रकच्या वाऱ्यानं नवरदेव एका बाजूला गेला होता. तोल जातो तसा नव्हे. दोरीवर वाळत घातलेला सदरा वाऱ्यानं जातो तसा, कमरेपासून वर सगळा आडवा, पाय रिकिबीतून सुटून मागं. सेहऱ्याची फुलं एका बाजूला उडाली होती आणि त्यांच्याखाली भागीरथेला एक गाल दिसला असावा. निदान गाल असतो ती जागा दिसली. तिथं काय होतं हे तिला पुढं कधीच नीट सांगता आलं नाही. मग वारा सरला, आणि तो सावकाश, घाई न करता, खोगिरावर परत येऊन बसला.

कोणी पाहिलं नाही. बँडवाले ट्रकवाल्याच्या आईचा उद्धार करत होते. फक्त भैय्याजी पाहत होता. पण त्याची नजर नवरदेवावर नव्हती, भागीरथेवर होती.

तिच्या हातातून लगाम सुटता सुटता राहिला. टाकून पळावं, असं मनात आलं. पण घोडी? घोडी टाकून कुठं जाणार?

"कुंकू शोभते तुम्हाले," वरून आवाज आला.

तिचा हात कपाळाकडे गेला.

"मी काही विचारलं का तुम्हाले त्याचं?" तो म्हणाला. "मंग तुम्ही माह्यं कायले पाहता? चाला."

आवाजात धमकी नव्हती. भागीरथा नवरदेवांशी ज्या सुरात बोलायची, तोच सूर होता. गोड, आणि खाली तुच्छता भरलेला. आपली तुच्छता एवढी वर्षं किती स्पष्ट ऐकू येत असेल, हे तिला त्या क्षणी कळलं, आणि ती चालायला लागली.

६

लकडगंजात मांडवाच्या दाराशी गर्दी होती. माडीच्या खिडकीत चार पोरी नवरदेव पाहायला दाटल्या होत्या. मधली हळदीच्या पिवळ्या लुगड्यात होती, एकोणीस-वीस वर्षांची. "दिसत तं काहीच नाही वं, नुसती फुलंच!" असं म्हणून ती एवढ्या मोठ्यानं हसली की खालच्या म्हाताऱ्या बाया ओरडल्या, "जया! आत हो!"

ते हसणं ऐकलं आणि भागीरथेला आपण काय दारात आणून उभं केलं आहे ते समजलं.

नवरीचा मामा चंद्रभान पुढं आला. कापडाच्या दुकानात माप देणारा, रुंद खांद्यांचा, घामानं ओला. बाप मेल्यापासून जयाला त्यानंच वाढवलं होतं. नवरीच्या मामानं नवरदेवाला घोडीवरून उचलून मांडवात न्यायचं, ही त्यांच्यातली रीत. भागीरथा त्याच्या आडवी झाली.

"दादा, याले उतरवू नका."

"काहून? आणखी मिरवता काय?" तो हसला.

"पाया पडते तुमच्या. याच्यात काही नाही. पोट्टी देऊ नका याले."

"प्यायली की काय ही बाई?"

तेवढ्यात भैय्याजी आला. भांडला नाही, चिडला नाही. सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं त्यानं विचारलं, "बाई, तुमचे मालक काय करतात?"

बँड थांबला होता. शंभर डोळे तिच्या कपाळावर आले. पहिल्यांदा तिच्या तोंडाशी बल्लारशाच आलं. ते म्हटलं असतं तर ती घोडी घेऊन घरी गेली असती, पुढची वरात मिळाली असती, आणि सगळं पहिल्यासारखं राहिलं असतं. तिनं वर खिडकीकडे पाहिलं. मग तळहात कपाळावर ठेवला आणि कुंकू कानापर्यंत पुसून टाकलं. हातावर हात आपटून बांगड्या फोडल्या.

"मेला," ती म्हणाली. "नऊ वर्सं झाली. रांडमुंड बाईनं वरात आणली तुमच्या दारी. आता लावा लगन, कसं लावता ते पाहू!"

एकच कल्लोळ झाला. बाया तोंडाला पदर लावून मागं हटल्या. कोणीतरी तिच्या पाठीत चप्पल मारली. "अवदसा!" एक म्हातारी किंचाळली, "गुरुजी, हे लगन होत नाही!" भागीरथा मार खात उभी होती आणि तिला वाटलं, जिंकलं.

पण गुरुजी समजूतदार निघाले. मुहूर्त दहा मिनिटांवर होता, दोनशे पानांचं जेवण शिजलं होतं. नारळ फोडा, गोमूत्र शिंपडा, बाईला हाकला. दोष जातो, म्हणाले. नारळ फुटला. गोमूत्र शिंपडलं गेलं. घोडीवरचा मुकाट बसून होता.

चंद्रभाननं धोतर खोचलं, हातांवर थुंकला, गुडघे वाकवून नवरदेवाच्या कमरेला मिठी घातली आणि सगळी ताकद लावून उचललं.

भरलेली समजून रिकामी कळशी उचलावी तसं झालं. नवरदेव एकदम चंद्रभानच्या डोक्याच्याही वर गेला, बाशिंग तोरणाला अडकलं आणि चंद्रभान झोकांड्या खात दोन पावलं मागं गेला.

"वा मामा! पैलवान निघाले!" लोक खदखदून हसले.

चंद्रभान हसत नव्हता. त्याचं तोंड राखेसारखं झालं होतं. हात वर, हातांत ते, आणि तो भागीरथेकडे पाहत होता.

"फेका त्याले दादा," ती हळू म्हणाली. "अजूनबी होते. फेका."

त्यानं मांडवाकडे पाहिलं. पाहुणे, पंगतीच्या पत्रावळी, सोयरे, आणि कोणी काय म्हणेल ते. मग चंद्रभाननं हात सावकाश छातीशी आणले. गुडघे वाकवले, गाल फुगवले, आणि धान्याचं पोतं उचललेल्या हमालासारखा एकेक पाऊल जड टाकत तो आत निघाला.

"जड आहेत गा जावाई," तो मोठ्यानं म्हणाला.

बँड वाजायला लागला.

७

त्यानंतर भागीरथेला एकही वरात मिळाली नाही. बातमी दोन दिवसांत सगळ्या बाजारात पसरली. ज्यांच्या वराती तिनं आधी नेल्या होत्या, त्यांच्यातले चारजण दारात येऊन शिव्या देऊन गेले. एकाची बायको बाळंतपणात दगावली होती, तेही हिच्याच माथी. आषाढात तिनं गुलछडी कामठीच्या एका माणसाला देऊन टाकली आणि स्टेशनच्या पुलाखाली गवताचे भारे विकायला बसली.

एकदा ती चंद्रभानच्या दुकानासमोर जाऊन उभी राहिली. तो गजानं कापड मापत होता. तिला पाहून गज थांबला.

"पोट्टी कशी आहे, दादा?"

"कोण पोट्टी?" मान वर न करता तो म्हणाला. "मी तुमाले ओळखत नाही." आणि तेच कापड त्यानं पुन्हा पहिल्यापासून मापायला घेतलं.

दिवाळीच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, पुलाच्या चढाशी गाड्यांची दाटी झाली होती. ट्रक, बस, टांगे, सायकली, सगळे एकमेकांत अडकून इंच इंच वर चढत होते. त्यात नत्थूजीची सायकलरिक्षा दिसली. नत्थूजी म्हातारा, दम्याचा. सवारी असली की पुलाच्या पायथ्याशीच उतरायचा आणि खोकत खोकत, हातानं रिक्षा ओढत वर न्यायचा. भागीरथा त्याला रोज पाहायची.

आज तो सीटवर बसून होता आणि पाय आरामात फिरवत होता.

रिक्षात दोघं होती. टप पुढं ओढलेला, त्यामुळं पुरुषाचा फक्त गुडघा दिसत होता, पांढऱ्या लेंग्यातला. शेजारी जया होती. दिवाळीची नवी साडी, केसांत फुलं. तिनं टपाची दांडी दोन्ही हातांनी धरली होती. रिक्षा हलत नव्हती की आदळत नव्हती, तरी तिनं ती बोटं पांढरी पडेपर्यंत घट्ट धरली होती. पुरुषानं काहीच धरलं नव्हतं.

भागीरथा भारा टाकून उठली. ट्रकच्या आणि बसच्या मधून धावत सुटली. मागून भोंगे वाजले, एक सायकलवाला तिच्यावर आदळून पडला, तिनं वळून पाहिलं नाही. अर्ध्या चढावर तिनं रिक्षाचा मडगार्ड पकडला.

"पोरी, उतर," ती धापा टाकत म्हणाली. "मी धरते तुले. उतर इथंच."

जयानं पाहिलं आणि ओळखलं. भागीरथेची वर-खाली होणारी छाती, घामानं चिकटलेले केस, धुळीनं भरलेले जाड पाय, हे सगळं तिनं एकदा पाहून घेतलं, आणि घाण वास आल्यासारखं तिचं नाक आकसलं.

"काहून उतरू?" ती म्हणाली. "मले तं आता काहीच जड वाटत नाही, मावशी."

मडगार्ड भागीरथेच्या हातातून निसटला. पुलाचा अर्धा चढ अजून बाकी होता, आणि नत्थूजी शीळ घालत होता.